सोळा नंबरची शिदोरी

भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारणीनं चिठ्ठी लिहावी, ही गोष्ट वच्छलाबाईंच्या काही केल्या घशाखाली उतरेना. चिठ्ठी बँकेची येते, कोर्टाची येते, तहसीलची येते. त्यांना तोंड नसतं म्हणून ती कागद धाडतात, इथवर त्यांना मान्य होतं. पण धडधाकट बाईमाणूस, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर राहतं आणि कचऱ्याच्या डब्यावर कागद चिकटवून जातं, हा काय प्रकार? कागदावर तरी काय होतं? ‘हिरवा डबा सोमवारी नव्हे, एक आड एक गुरुवारी बाहेर ठेवावा.’ खाली नाव नाही. नुसतं ‘क्रमांक सोळा’.

“नाव न्हाई का त्या बाईला?” वच्छलाबाई म्हणाल्या. “आकडा कैद्याला असतो, न्हाईतर शर्यतीच्या बैलाला.”

ही बाई नांदूरघाटची नव्हती, हे तिचं नशीब. ती इंग्लंडात लीड्स नावाच्या गावी राहत होती, नाव डोरीन, वय पंच्याहत्तरच्या पुढं. तिच्या भिंतीपलीकडं, अठरा नंबरात, वच्छलाबाईंची नात तेजश्री भाड्यानं राहत होती. तेजश्री धाकट्या अमरसिंहाची. अमरसिंह तीस वर्षांमागं दोन वर्षांच्या बोलीवर अमेरिकेला गेला होता, तो तिकडचाच झाला. पोरगी तिकडंच जन्मली, तिकडंच शिकली. सुट्टीत चारदा नांदूरघाटला आली होती, तेवढ्यावर तिला मराठी येत होतं. पण घासून उन्हात मांडलेल्या भांड्यासारखं, एकेक शब्द सुटा. इंग्लंडातल्या एका दवाखान्यात यंत्रं सांभाळायची नोकरी तिनं आपणहून धरली, तेव्हा बाप म्हणाला, सहा महिन्यांत परत येईल. त्यावर वच्छलाबाईंनी फोनवर, भरल्या ओसरीत, गल्लीतल्या सात-आठ बायका ऐकत असताना सांगितलं होतं, “ती माझ्यावर गेलीय. नांदायला गेली की माघारी यायची न्हाई.”

आणि आता आठव्या महिन्यात तेजश्री फोनवर सांगत होती, की राजीनाम्याचं पत्र तयार आहे, पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला देणार आणि अमेरिकेला परत जाणार. वच्छलाबाईंचा शब्द असा त्या तीस तारखेला टांगलेला होता. शब्दाचं एक वेळ सोडा. पडद्यावर पोरीचं तोंड दिसत होतं, ते सुकलं होतं. गालाची हाडं वर आली होती. ते शब्दापेक्षा वाईट होतं.

थोरले मोहनराव एकदा सरपंच होऊन गेलेले, त्यामुळं कुठल्याही प्रश्नावर उभ्यानंच बोलायची त्यांना सवय. ते म्हणाले, अमेरिकेत इंग्रजी, इंग्लंडात इंग्रजी, मग हिला अवघड काय जातंय?

“धर्मापुरीत मराठी, नांदूरघाटात मराठी,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मला काय अवघड गेलं ते तुज्या बापाला इचारायचं व्हतं.”

तेजश्रीचं गाऱ्हाणं वरून साधं होतं. अमेरिकेत तिच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्याच दिवशी शेजारी काहीतरी भाजून घेऊन यायचे, कुठले कोण म्हणून विचारायचे, दुकानदारसुद्धा आज काय बेत म्हणून चौकशी करायचा. इंग्लंडातही तसंच असणार असं धरून ती गेली. तिथं पहिल्याच आठवड्यात बसथांब्यावर शेजारच्या माणसाशी ती हसून बोलली, तर त्यानं पाऊस नसताना छत्री उघडली. कामावर रोज सकाळी सगळे ‘बरी आहेस ना?’ असं विचारायचे. तिनं एके दिवशी खरंच कशी आहे ते सांगायला घेतलं, तर विचारणारा तोवर जिना चढून गेला होता. न्हाणीत दोन तोट्या. एकीला उकळतं पाणी, दुसरीला बर्फाचं, आणि दोघींचं आपसात बोलणं नाही. कपडे धुवायचं यंत्र स्वयंपाकघरात. याचं मात्र वच्छलाबाईंना नवल वाटलं नाही. त्यांचं ओसरीत होतं, वर शोभेचा मोर ठेवलेला.

आणि ही डोरीन. पहिल्या दिवशी फाटकाशी दिसली, हवा बरी आहे म्हणाली, एकदा चहाला ये म्हणाली. तेजश्री पुढचे तीन रविवार घर सोडून कुठं गेली नाही, बोलावणं येईल म्हणून.

“वार सांगितलता का तिनं?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“नाही, आजी.”

“मग ते बोलावणं न्हाई बाळा. ते वाटंला लावणं हाय.”

पण फोन ठेवल्यावर त्या जागच्या उठल्या नाहीत. सून वनमालानं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. घरात हे कधी घडत नसे, म्हणून वनमालानं मोहनरावांना खुणेनं सांगितलं की आज आत्याबाईंच्या वाटेला जाऊ नका.

त्यांना घागर आठवत होती. ही गोष्ट त्यांनी साठ वर्षांत कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या धर्मापुरीहून नांदूरघाटला आल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं, जिल्हा एकच, त्यात काय मोठं. पण धर्मापुरीच्या बायका पाण्याला जाताना हसत-खिदळत जायच्या. नांदूरघाटच्या विहिरीवर गप्प उभं राहायची रीत होती. वच्छलाबाई हसल्या की बाकीच्या एकमेकींकडं बघायच्या. शेजारच्या केशरबाईनं तर चार महिन्यांत ‘काय कालवण केलं’ एवढंसुद्धा विचारलं नाही. ती नुसती बघायची. शेवटी एका दुपारी वच्छलाबाई पाण्याला म्हणून निघाल्या, वाटेत बाभळीखाली घागर ठेवली आणि केजच्या एस्टीत बसून, पुढं गाडी बदलत, माहेर गाठलं.

बाप रागावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दुरडीभर करंज्या, कानवले, धपाटे बांधून दिले, वर खण झाकला, आणि परत आणून सोडलं. सासरी त्यानं सांगितलं, आई अचानक आजारी पडली म्हणून पोरीला वाटेवरूनच बोलावून नेली. जाताना एवढंच म्हणाला की घरोघर वाट. शिदोरी वाटल्याशिवाय गल्लीला सून कळत नाही. त्यांनी वाटली. केशरबाईनं शिदोरीची वाटी ठेवून घेतली, दुसऱ्या दिवशी परत केली, आणि वाटीत लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी होत्या. रिकामं भांडं शेजारी परत करायचं नसतं, हे तिला कळत होतं. घागर घरी चुलीशेजारी पालथी घातलेली होती. ती बाभळीखालून कुणी आणली, हे सासूला ठाऊक नव्हतं. केशरबाईला ठाऊक होतं, आणि ती मरेपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाईंनी नातीला फोन लावला. तिकडं पहाटेचे चार वाजले होते, हे त्यांना मागाहून कळलं. त्यांनी तेजश्रीकडून एकच वचन घेतलं. माझी शिदोरी येईस्तोवर राजीनाम्याचा कागद द्यायचा नाही. आली की तू तुझ्या हातानं गल्लीत वाट, मग खुशाल जा. झोपेतल्या माणसाकडून वचन लवकर मिळतं.

आता शिदोरी म्हणजे दोन तासांचं काम. निदान वच्छलाबाई तसं म्हणाल्या, आणि त्या चुकत नसतात अशी घरात समजूत होती.

तेजश्रीच्या ओळीत नुसते सम आकडे, दोन नंबरापासून वीस नंबरापर्यंत दहा घरं. तिचं सोडून नऊ. नऊ पुड्या करायच्या. ही बातमी अर्ध्या तासात गल्लीभर झाली आणि सल्ले यायला लागले. समोरची साखराबाई, जिची मेंढरं गावाच्या माळावर चरतात, ती म्हणाली की थंड मुलखात करंजी कशाला, घोंगडी धाडा. नऊ घरं असतील तर नऊ घोंगड्या. सरस्वतीबाईंचा भाचा ऑस्ट्रेलियात असल्यामुळं त्या गल्लीत परदेशाच्या जाणकार. त्या म्हणाल्या, तिकडं सगळं कुत्र्याकडून हुंगून घेतात. वच्छलाबाईंच्या ओसरीत पाहुणे म्हणून अधिकारी जेवले होते, पुढारी जेवले होते, पण आपल्या हातची करंजी कुत्र्यानं पास करायची, यावर त्यांनी दिवसभर सरस्वतीबाईंशी अबोला धरला.

पहिली शिदोरी खव्याची आणि साजूक तुपातली झाली. ती नेणार कोण, तर मोहनरावांनी उभं राहून सांगितलं की सिरसाळ्याच्या आपल्या नेत्याचा पुतण्या येत्या रविवारी लंडनला चालला आहे, त्याच्या हाती देऊ. एका शब्दाचं काम. शिदोरी जीपमधून सिरसाळ्याला गेली. रविवार गेला, दुसरा रविवार गेला. मोहनरावांनी सिरसाळ्याला फोन करून विचारलं की उत्तर यायचं, पोचली समजा. बाराव्या दिवशी वच्छलाबाई स्वतः जीपमध्ये बसल्या आणि सिरसाळ्याला जाऊन नेत्याच्या बैठकीत उभ्या राहिल्या. पुतण्याला व्हिसाच मिळाला नव्हता. शिदोरी कोपऱ्यात होती, तिच्यावर पुतण्याच्या वाढदिवसाच्या फलकाची गुंडाळी ठेवलेली, आणि खालून मुंग्यांची रांग शिस्तीत जात-येत होती. मोजून पाहिलं तर सात करंज्या कमी भरल्या. नेते हात जोडून म्हणाले, बाई, चव फार छान होती. वच्छलाबाईंनी शिदोरी उचलून जीपमध्ये ठेवली. परतीच्या वाटेवर मोहनरावांना त्यांनी सांगितलं की तुझ्या पक्षाला करंजी पोचवता येत नाही, विकास काय पोचणार. मोहनराव त्यानंतर चार दिवस बसून बोलले.

दुसरी शिदोरी करायला गल्लीतल्या बायका आल्या. बोलावलं नव्हतं, सिरसाळ्याची बातमी ऐकून आल्या. हा वच्छलाबाईंचा अपमान राहिला नव्हता, गल्लीचा झाला होता. साखराबाईनं तीळ लावून बाजरीच्या कडक भाकरी केल्या, पापडासारख्या, महिनाभर टिकणाऱ्या. सरस्वतीबाईंनी अबोल्यातच शेंगदाण्याची चटणी कुटून दिली. कुणी तिळाच्या वड्या आणल्या, कुणी शंकरपाळे. करंज्या वच्छलाबाईंच्या, पुन्हा खव्याच्या आणि साजूक तुपातल्या. नऊ पुड्यांची नऊ गाठोडी झाली. वच्छलाबाईंनी सगळं एका खोक्यात भरून वरून मांजरपाटाच्या कापडानं शिवून घेतलं, बारीक टाका, जुन्या काळी टपालाला शिवायचे तसं. वनमाला म्हणाली, आत्याबाई, आत एक चिठ्ठी घालू का, कुणी पाठवलं, काय आहे, कसं वाटायचं?

“शिदोरीत चिठ्ठी?” वच्छलाबाईंनी वर न बघता विचारलं. “आपल्याला बी त्या बाईची सवय लागली का?”

चिठ्ठीचा विषय तिथं मिटला. मिटायला नको होता, पण ते मागाहून कळलं.

केजला कुरिअरचं दुकान रामेश्वर चालवतो. पोरगा अदबशीर, कपाळाला गंध, समोर संगणक. त्यानं आधार कार्ड मागितलं. जन्मतारीख एक जानेवारी पाहून तो काही बोलला नाही, कारण त्याच्या आजीचीही एक जानेवारीच होती. त्या पिढीतलं सगळं गाव शाळेनं आणि सरकारनं एकाच दिवशी जन्माला घातलं आहे. मग त्यानं विचारलं, आत अंमली पदार्थ, हत्यार, स्फोटक असं काही नाही ना? हे सगळ्यांना विचारावंच लागतं म्हणाला. वच्छलाबाईंनी त्याला त्याच्या आजोबांचं नाव विचारलं. ते ओळखीचे निघाले. त्यानंतर त्यानं पुढचे चार प्रश्न स्वतःच नाही, नाही म्हणून भरून टाकले.

पण पार्सल उघडून दाखवावं लागेल, यावर त्याचा इलाज नव्हता. दोन दुपारी घालून शिवलेलं कापड त्यानं पत्तीनं सरळ कापलं. वच्छलाबाईंनी सुटलेला दोरा गोळा करून बोटाला गुंडाळला. तो वास घेत म्हणाला, मोठ्या बाई, यात तूप आहे. खवा आहे. दुधातुपाचं काही तिकडं चालत नाही.

“तूप न्हाई चालत?” त्यांनी विचारलं. “मग ती लोकं सणाला काय करत्यात?”

रामेश्वरला ते माहीत नव्हतं. बिनतुपाचं जेवण सुतकात करतात, निदान धर्मापुरीत तरी. ते पोरीच्या हातून नऊ घरी द्यायचं, या विचारानं वच्छलाबाई जीपमध्ये बसल्या त्या थेट घरी येईपर्यंत बाहेर बघत होत्या. त्यात भर अशी की वाटेत तेजश्रीचा फोन आला. ‘यात शेंगदाणे आहेत’ असं पुडीवर ठळक लिहायला सांग, आजी. इथं काही लोकांना शेंगदाण्यानं जीव जाऊ शकतो. वच्छलाबाईंनी हे दोनदा विचारून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, “असल्या मुलखात पोरगी एकटी राहती.”

तिसरी शिदोरी तेलातली झाली. प्रत्येक गाठोड्यावर वनमालानं इंग्रजी आकड्यांत घराचा नंबर टाकला, खाली शेंगदाण्याचं लिहिलं, त्याशेजारी विजेच्या खांबावर असते तशी कवटी काढली, म्हणजे शंका नको. सोळा नंबरची शिदोरी तेवढी वच्छलाबाईंनी स्टीलच्या डब्यात भरली. पुडी फेकून देता येते. डबा परत करावाच लागतो. अठरा नंबरची पुडी केली नाही. वाटणारीनं स्वतःला कुठं वाटायचं असतं?

यापुढची चूक मात्र वच्छलाबाईंची, आणि ती चूक आहे हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही. रामेश्वरनं पत्ता विचारला. त्या म्हणाल्या, आधी डोरीनबाईचं घाल, मग पोरीचं. रामेश्वर म्हणाला, पार्सल ताईंचं आहे ना? त्यावर त्यांनी त्याला शांतपणे समजावलं, की लग्नपत्रिकेत गल्लीतल्या थोरल्या माणसाचं नाव खाली पडलं म्हणून नांदूरघाटात दोन भावक्यांचं अकरा वर्षं येणं-जाणं बंद आहे. म्हातारी कितीही वाईट असली तरी म्हातारी आहे. शिवाय पोरगी दिवसभर कामावर. पार्सल घेणार शेजारीणच. थोरलीचं नाव वर, पोरीचं खाली. रामेश्वरनं दोन्ही नावं घातली. संगणकाला एकच नाव ठेवायची जागा होती. त्यानं वरचं ठेवलं, सोळा नंबर ठेवला, खालचं सोडून दिलं. रामेश्वरला ते दिसलं, आणि त्यानं सांगायला तोंडही उघडलं, पण समोर वच्छलाबाई बसल्या होत्या.

मग दहा दिवस मोहनराव मोबाइलवर शिदोरी कुठं आहे ते बघून ओसरीत जाहीर करायचे, मतमोजणीच्या फेऱ्या सांगतात तसं. केज सोडलं. पुण्यात आली. मुंबईत आली. विमानात बसली. मग तिकडच्या कस्टममध्ये तीन दिवस अडकली. तिथल्या साहेबानं पाठवणाऱ्याला, म्हणजे रामेश्वरच्या दुकानाला, विचारणा केली होती, की यादीतली कडक भाकर ही वस्तू खायची आहे की शोभेची. साखराबाईनं हे ऐकलं आणि ती उठून मेंढरांकडं निघून गेली. तेवीस तारीख उजाडली. तेजश्री फोनवर आता कमी बोलायची. कागद टेबलाच्या खणात आहे, एवढं तिनं सांगितलं. वच्छलाबाईंनी त्या दिवसापासून रात्रीची भाकर सोडली. कुणी विचारलं तर पोट बरं नाही म्हणायच्या.

पंचवीसला मोहनरावांनी जाहीर केलं, पोचली. सव्वीसला तेजश्रीचा फोन आला, की माझ्याकडं काहीच आलं नाही. सत्तावीसला वच्छलाबाईंनी दुपारची भाकरही सोडली. अठ्ठावीस रविवार होता. संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे तिकडं भर दुपारी, फोन वाजला. ओसरीत वनमाला, मोहनराव, साखराबाई, सरस्वतीबाई असे सगळे आपापल्या कामाला आल्यासारखे बसलेले होते.

तेजश्री बोलायला लागली आणि तिचे शब्द पहिल्यांदाच एकमेकांना चिकटून आले. पार्सल डोरीनबाईंच्या नावावर, त्यांच्याच घरी गेलं. त्यांनी उघडलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही. नऊ पुड्या, नऊ नंबर, नऊ कवट्या. डोरीनबाईंनी दिवसभर विचार केला. बाई शिस्तीची. नंबर घातले आहेत म्हणजे त्या त्या घरी पोचवायचे, आणि नाव आपलं आहे म्हणजे आपणच पोचवायचे, एवढं तिनं ठरवलं. शुक्रवारी चांगला कोट घालून, काठी टेकत ती घरोघर गेली आणि शिदोरी वाटून आली.

साखराबाईनं हातातली सुपली खाली ठेवली. शिदोरी वाटली गेली होती आणि ती पोरीच्या हातानं वाटली गेली नव्हती. सात करंज्या सिरसाळ्यात गेल्या ते एक. हे तर सगळंच गेलं. पुऱ्या गल्लीनं आभार मानले ते त्या चिठ्ठीवालीचे. वच्छलाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. “मंग तुज्या हातात काय आलं?” त्यांनी विचारलं.

तेजश्री म्हणाली, “ऐक ना, आजी. सगळ्या घरांची पुडी होती, फक्त अठराची नव्हती.”

डोरीनबाईंना ते खटकलं होतं. मुलगी नवी आहे, एकटी आहे, आणि नेमकं तिलाच वगळलं. शनिवारी सकाळी त्यांनी अठरा नंबरचं दार वाजवलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा. हातात स्टीलचा डबा. आपल्या वाट्यातलं निम्मं त्यात ठेवलेलं, आणि शेजारी बरणीत संत्र्याच्या सालींचा घरचा मुरांबा. म्हणाल्या, कुठून आलं माहीत नाही, पण तुझं राहून गेलेलं दिसतं. ही कडक वस्तू लोणी लावून छान लागते. तेजश्रीनं डबा पाहिला. झाकणावर नांदूरघाटच्या भांड्यांच्या दुकानात कोरून घेतलेलं आजीचं नाव. ती दारातच रडायला लागली, आणि डोरीनबाई कुणाच्या रडण्याला सरावलेल्या नसल्यामुळं आत येऊन चहा टाकायला लागल्या.

“आणि आजी, ते डब्याचं,” तेजश्री म्हणाली. “कचऱ्याच्या डब्याचं. मी सात महिने चुकीच्या वारी ठेवत होते. त्या रोज बघून योग्य वारी स्वतःच बाहेर काढायच्या, परत आत ठेवायच्या. मला वाटायचं, गाडी रोज येते. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ढकलणं जमणार नाही म्हणून चिठ्ठी लिहिली. तोंडावर सांगायची लाज वाटली, मला वाईट वाटेल म्हणून.”

वच्छलाबाईंनी फोन वनमालाच्या हातात दिला आणि चष्मा काढून पदरानं पुसला. चष्मा स्वच्छच होता. मग फोन परत घेतला आणि विचारलं, ती बाई तिथलीच का? नाही, तेजश्री म्हणाली, तीस मैलांवरच्या दुसऱ्या गावची. लग्न होऊन आली त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. चार नंबरच्या घराच्या आत शुक्रवारी पहिल्यांदा गेली. आणि हो, समोरच्या ओळीतल्या, एक ते एकोणीस नंबरवाल्यांना वाईट वाटलंय. त्यांचं काय करायचं, असं त्या विचारताहेत.

“आन कागद?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“खणात आहे. राहू दे तिथंच.” तेजश्री जरा थांबली. “येत्या शनिवारी त्यांच्याकडं चहा आहे. चार वाजता. वार सांगितलाय, आजी.”

मग पडदा हलला आणि डोरीनबाई आल्या. पांढरे केस, गळ्याशी बटण लावलेला लोकरीचा अंगरखा, तोंडावर कोर्टात उभं राहिल्यासारखा भाव. त्या काही म्हणाल्या. तेजश्रीनं सांगितलं, आज इथं ऊन बरं पडलंय असं त्या म्हणतात. ओसरीतल्या सगळ्यांनी वच्छलाबाईंकडं पाहिलं. एरवी या बाईचं नुसतं नाव ऐकून यांचा आवाज चढत असे.

वच्छलाबाईंनी पदर नीट केला, फोन दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला, आणि पंचायतीपुढं निवाडा द्यावा तशा सावकाश, तेजश्रीला सांगता यावं म्हणून मधे मधे थांबत, बोलल्या.

“डोरीनबाई, म्या नवी नवरी असताना पाण्याची घागर बाभळीखाली ठिवून माहेरी पळालते. ती घागर शेजारणीनं घरी आणली आन कुनाला बोलली न्हाई. हे आज माज्या लेकाला बी पहिल्यांदा कळतंय, बघा कसा उभा राह्यलाय. तुमी तशातल्याच, म्हून तुमाला माफ. आता दुसरं. शिदोरी वाटती ती नवी सून. ती तुमी वाटली. म्हंजी एक्केचाळीस वर्सांनी का हुईना, त्या गल्लीत तुमी नांदायला लागल्या. माज्या नातीचा मान तुमी घेतला, तवा तिला संबाळायचं तुमच्याकडं. समोरच्या ओळीची शिदोरी म्या धाडते, ती मातर तीच वाटंल, तुमी काठी घिऊन संगं जायचं. आन पुन्यांदा कागद चिकटवलेला कानावर आला, तर सांगून ठिवते, देवानं तोंड दिलंय ते वापरा. भिंत लई पातळ हाय, हाक मारली की ऐकू येतंय.”